काठावरची माणसं

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९च्या मूकपटात कृष्ण डोहात उतरतो, पाण्याखाली कालियाशी झुंजतो आणि शेवटी त्याच्या फण्यावर नाचत वर येतो. ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला सांगावी लागत नाही. म्हणूनच दृश्याची फोड शिकवायला मी हा भाग घेते. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलं गोष्टीमागं धावत नाहीत. ती कशी सांगितली आहे, तिकडं त्यांचं लक्ष वळतं.

मी शिरूरला अकरावी-बारावीला मराठी शिकवते. सिनेमा हा माझ्या विषयाचा भाग नव्हे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्यातर्फे उन्हाळ्यात होणारा रसास्वादाचा वर्ग मी केला, आणि तिथून परतल्यावर हे आपल्या मुलांना दाखवल्याशिवाय राहवेना. शिरूरला कॉलेज सुटल्यावर वर्ग घेते. दौंडला शनिवारी जाते, तिथं एका वाचनालयाचं सभागृह मिळतं. रस्ता न्हावऱ्यावरून, पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, केडगाव-चौफुल्याला सोलापूर रस्ता पकडायचा आणि पाटसवरून दौंड. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठची मुलं माझ्यापुढं बसतात. त्याचा या कामाशी संबंध आहे, तो पुढं येईल.

वर्गाची रीत साधी ठेवली आहे. दृश्य पहिल्यांदा सलग बघायचं. दुसऱ्यांदा मी प्रत्येक कटला थांबवते आणि मुलं वहीत तीन रकाने भरतात: चौकटीत कोण आहे, कॅमेरा किती लांब आहे, आणि कोण कुठं बघतंय. तिसरा रकाना सगळ्यात अवघड. पहिले दोन कुणीही भरतं. पण ‘कोण कुठं बघतंय’ हे लिहायला लागलं की मुलं पडद्याच्या जवळ सरकतात.

आवाज मी बंद ठेवते. आज आपल्याला मिळणाऱ्या मूकपटांच्या प्रतींना पुष्कळदा कुणीतरी नंतर संगीत जोडलेलं असतं, आणि ते आपल्या आधी रडतं, आपल्या आधी घाबरतं. फाळक्यांच्या काळातही हे खेळ शांततेत होत नसत, हे मी मुलांना सांगते. पडद्याशेजारी पेटी-तबला असे, कुठं कुठं एक माणूस उभा राहून गोष्ट बोलून दाखवी, आणि पाटी वाचता येणारा प्रेक्षक न येणाऱ्याला वाचून सांगे. तो सगळा गलका मला हवाहवासा वाटतो. पण शिकायला बसलो आहोत तोवर डोळ्यांना एकट्यानं काम करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणसं अशी तुरुतुरु का चालतात? त्याचं उत्तर यंत्रात आहे. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा चौकटी पडत, हाताच्या वेगाप्रमाणं कमीजास्त. बोलपट आल्यावर वेग चोवीसवर पक्का झाला. सोळाच्या वेगानं टिपलेलं चोवीसच्या वेगानं दाखवलं की एका मिनिटाचं काम चाळीस सेकंदांत उरकतं आणि राजा हरिश्चंद्रही लगबगीत दिसतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी मावतात. म्हणजे त्या काळी एक सेकंद म्हणजे एक फूट. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. भागाकार करा, तासाभराचा खेळ. हा हिशेब मुलांना फार आवडतो. वेळ अशी हातात धरून मोजता येते, कापता येते, हे एकदा कळलं की ‘एडिटिंग’ या शब्दाभोवतीचं धुकं जातं.

डोहाकडं जायच्या आधी मी चित्रपटाची सुरुवात दाखवते, कारण फाळक्यांनीच तिथं एक धडा ठेवला आहे. कृष्णाची भूमिका त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केली. तेव्हा ती सातेक वर्षांची. गोष्ट सुरू होण्याआधी ही मुलगी साध्या रूपात आपल्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. आधी पाटी येते की हा एका लहान मुलीच्या भावदर्शनाचा नमुना आहे. मग तिचाच कृष्ण होतो. एक प्रतिमा विरत जाते आणि दुसरी तिच्यातून उगवते. आज हे संगणकावर बोटाच्या टोकानं होतं. तेव्हा भिंग हळूहळू मिटायचं, फिल्म मागं घ्यायची, वेश बदलायचा, पुन्हा त्याच जागी त्याच पवित्र्यात उभं राहायचं आणि भिंग हळूहळू उघडायचं. सात वर्षांच्या मुलीनं ते केलं. फाळके छायाचित्रण शिकलेले, छपाईत मुरलेले, जादूचे प्रयोग करणारे. हा देव कसा घडतो ते त्यांनी आधी उघड दाखवलं, आणि मग प्रेक्षकाला त्याच्यावर विश्वास ठेवायला सांगितलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं. युक्ती झाकून ठेवण्यापेक्षा ती दाखवून तिच्यापलीकडं नेणं कितीतरी अवघड.

आता डोह. पाण्याखालची झुंज पाण्याखाली टिपलेली नाही हे मुलांना लगेच दिसतं. मागं रंगवलेला पडदा आहे, नाग तयार केलेला आहे, त्याचं धूड कुणीतरी हलवतंय. पहिल्या बघण्यात हशा पिकतो. तो मी पिकू देते. मग विचारते, मधे मधे काय येतं? मधे काठ येतो. यशोदा, नंद, गोकुळातली माणसं. झुंज, काठ, पुन्हा झुंज, पुन्हा काठ. काठावरचं ऊन खरं आहे आणि डोहातला अंधार रंगवलेला. दोन अगदी वेगळ्या जागी, बहुधा वेगळ्या दिवशी टिपलेले तुकडे, आणि आपण ते एकाच क्षणी घडताहेत असं धरून चालतो. कुणी तसं धरायला सांगितलेलं नाही. नुसतं एकाशेजारी एक ठेवलंय.

शिरूरच्या वर्गात एका मुलीनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: ‘आपल्याला आत दिसतं, त्यांना दिसत नाही.’ मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण या दृश्याची सगळी कळ त्या वाक्यात आहे. आपण पाण्याखाली जातो. आपल्याला कृष्ण सुरक्षित दिसतो. काठावरच्या आईला ते कळायला काही मार्ग नाही. दर कटला आपण आपलं जास्तीचं ज्ञान घेऊन तिच्याजवळ येतो आणि ते तिला देता येत नाही. गोष्टीचा शेवट माहीत असूनही जीव वरखाली होतो तो त्यामुळं. नागाची भीती नाही वाटत, आईची काळजी वाटते. कापडी नाग चालून जातो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवायचं काम आपल्याऐवजी काठावरची माणसं करतात.

एवढ्यावर मी थांबत असे. पण भीमेकाठच्या मांडवगणकडून येणाऱ्या एका मुलानं मला पुढं नेलं. तो वर्गात फारसा बोलत नसे. म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं नदीत कोण बुडालं ना, तर काठावरची माणसं पाण्याकडं नाही बघत. पाणी सारखंच दिसतं. ती पोहणाऱ्याच्या तोंडाकडं बघत्यात, बुडी मारून वर येतो त्याच्या.” वर्ग गप्प झाला. वाळू उपशानं नदीत खड्डे झालेल्या गावांतल्या मुलांना हे बघायला लागलेलं असतं. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. आम्ही दृश्य पुन्हा लावलं आणि काठावरच्या प्रत्येकाची नजर तपासली: कोण पाण्याकडं, कोण एकमेकांकडं, कोण हात वर करून आभाळाकडं. त्या गर्दीत प्रत्येकाला काम दिलेलं आहे की नुसती माणसं उभी केली आहेत, यावर मग बराच वेळ चर्चा झाली. त्या मुलाचं मत असं पडलं की फाळक्यांचे लोक ‘जरा जास्तच एकदम’ हलतात. खऱ्या काठावर प्रत्येकाला बातमी वेगवेगळ्या वेळी कळते. हे मत मला कुठल्याही पुस्तकातल्या शेऱ्याइतकं मोलाचं वाटतं. तो मुलगा दृश्याची रचनाच तपासत होता, आणि त्यासाठी लागणारा अनुभव माझ्याजवळ नव्हता, त्याच्याजवळ होता.

दौंडला याच दृश्यावर चर्चा वेगळीकडं गेली. तिथल्या मुलांना खटकलं ते माणसांचं आपल्याकडं तोंड करून उभं राहणं. सिनेमाच्या पुस्तकांत याची कारणं रंगभूमीत आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांत शोधलेली असतात. ती खरीच आहेत. फाळक्यांनी चित्रांच्या छपाईत काम केलं होतं. पण दौंडच्या वाटेवरचं चौफुला हे लावणीच्या कलाकेंद्रांचं गाव, आणि या दोन्ही तालुक्यांत जत्रेला तमाशाचा फड आला नाही असं सहसा होत नाही. तेव्हा मी विचारलं, गवळणीत पेंद्या कुणाशी बोलतो? उत्तर आलं, “कृष्णाशी बोलतो, पण बघतो आपल्याकडं.” बस्स. गण-गवळण पाहिलेल्या माणसाला ‘कालिया मर्दन’ची चौकट समजावून द्यायला नको. तिथं कृष्ण आहे, त्याचे सवंगडी आहेत, खोड्या आहेत, आणि समोरचा माणूस खेळात धरलेला आहे. १९१९ सालच्या खेड्यातल्या प्रेक्षकाला हा सिनेमा परका का वाटला नसेल, ते मला त्या दिवशी दौंडमध्ये नीट उमगलं. आजच्या मुलांना कॅमेऱ्याकडं न बघणारी माणसं नैसर्गिक वाटतात, कारण गेल्या शंभर वर्षांत आपण तशी सवय लावून घेतली. दोन्ही सवयीच आहेत.

दौंडला आणखी एक छोटी फिल्म मी आवर्जून नेते. ल्युमिए बंधूंची, ला सिओता स्टेशनात गाडी येते ती. जेमतेम पन्नास सेकंदांची. एकच शॉट, एकही कट नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ झाला, त्यातही गाडी स्टेशनात येण्याचं दृश्य होतं. रेल्वे वसाहतीतली मुलं ते बघतात तेव्हा त्यांना कॅमेऱ्याची जागा सांगावी लागत नाही. “फलाटाच्या कडेला, रुळांच्या जवळ उभा केलाय,” असं कुणीतरी लगेच म्हणतं. गाडी समोरून आडवी गेली असती तर एक पट्टा सरकल्यासारखी वाटली असती. ती लांबून तिरकी येते, बारीक ठिपक्याचं धूड होतं आणि आपल्या बाजूनं निघून जाते. एकाच शॉटमध्ये लांबचं, मधलं आणि जवळचं, तिन्ही अंतरं मिळतात. मग फलाटावरच्या माणसांकडं बघायचं. ती गाडीकडं बघताहेत, डब्याचं दार शोधताहेत. पुन्हा तिसरा रकाना.

दिशेचा नियमही मला दौंडच्याच मुलांनी सोपा करून दिला. दोन माणसांमधून एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर डावीकडचा उजवीकडं जातो आणि प्रेक्षक गोंधळतो. हे फळ्यावर काढून काढून हात दुखतो. तिथला एक मुलगा म्हणाला, हे तर पुण्याहून नगरला जाणाऱ्या गाडीसारखं. कॉर्ड लाइन होण्याआधी मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत. पुण्यापासून तोंड पुढं करून बसलेला माणूस दौंडनंतर पाठमोरा जायला लागे. गाडी नगरलाच निघालेली असते, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं आपण परत पुण्याला निघालो. त्यानंतर मी फळ्यावर ती रेघ काढलेली नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक गटाला सांगते, कारण तिच्याशिवाय ही सगळी फोड कच्ची राहते. आपण जे कट मोजतो ते हाती उरलेल्या प्रतीतले आहेत. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट झाले आणि त्यांतले अगदी मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, पेटली तर विझत नाही, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी लोकांनी रिळंच्या रिळं विकली. २००३च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून, घराघरांतून रिळं गोळा केली, म्हणून फाळक्यांचं काही आपल्या डोळ्यांपुढं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं मिळालं, आणि ती रिळं १९१३ची की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग वाचला हे आपलं भाग्य. पण तोही सलग, पूर्ण नाही. दोन शॉट आज शेजारी आहेत म्हणून फाळक्यांनी ते तसेच ठेवले होते, असं छातीठोकपणे म्हणण्याआधी थांबावं लागतं. मुलांना हे थांबणं शिकवायला मला दृश्याइतकाच वेळ लागतो, आणि तो देण्याजोगा आहे.

गेल्या वर्षापासून मी एक पाऊल पुढं टाकलं आहे. ज्याचा एकही फूट उरलेला नाही असा चित्रपट अभ्यासाला घ्यायचा. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’, १९२५चा, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. कथा ना. ह. आपटे यांची, जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. पेंटरांनी १९३६मध्ये त्याच कथेवर बोलपटही काढला, पण मूक ‘सावकारी पाश’ गेला तो गेला. बाबूराव मूळचे चित्रकार. चित्रीकरणाआधी ते प्रसंगाची रेखाटनं करत. तेव्हा आपणही रेखाटनापासून सुरुवात करू, असं मी मुलांना म्हटलं.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. सावकारीविरुद्धचा १८७५चा दंगा दख्खनच्या याच पट्ट्यात झाला. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि आजचा दौंड तालुका त्याच भीमथडीतला. लोक माणसांच्या जिवावर उठले नव्हते. त्यांना हव्या होत्या खतावण्या, कर्जाची खतं. ती काढून जाळली. त्याचीही सुरुवात मानतात ती शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावची. १८७४च्या डिसेंबरात तिथल्या सावकारानं देशमुखाच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायचं ठरवलं, तेव्हा गावानं सावकारावर बहिष्कार घातला. न्हावी जाईना, पाणी भरणारा जाईना, घरगडी जाईनात. पुढं १८७९चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला, तो या सगळ्याचं फलित. शिरूरच्या माझ्या वर्गात कर्ड्याहून एसटीनं येणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या काहींनी हे पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

दंग्याचं दृश्य सगळ्यांनी पटापट रेखाटलं: मशाली, वह्या, ज्वाळा. ते सोपं होतं. अडचण आली ती बहिष्कारात. न्हावी आला नाही, हे मूकपटात कसं दाखवायचं? न येणं टिपता येत नाही. पाटी लिहून सांगायची तर ती चोरी, असं मुलांनी स्वतःच ठरवलं. एका गटानं सावकाराच्या रिकाम्या उंबऱ्याचा लांबलचक शॉट काढला. दुसऱ्यानं रिकामी घागर तीनदा दाखवली, दरवेळी तिची सावली सरकलेली, म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ. ही कल्पना मला फार आवडली आणि मी तसं सांगितलंही. पण काठावरची नजर ओळखलेली ती मुलगी उठली आणि म्हणाली, “घागर रिकामी आहे हे बघतंय कोण?” सावकार बघत असेल तर ती त्याची अडचण. शेजारीण बघत असेल आणि तिनं आपलं दार लोटून घेतलं, तर तो गावाचा निर्णय.

मग कॅमेरा रस्ता ओलांडून शेजारणीच्या ओट्यावर गेला. रेखाटनात पाठमोरी बाई पुढं मोठी आली आणि सावकाराचं दार मागं, लहान. राहिला प्रश्न लांबीचा: ती दार लोटायच्या आधी किती वेळ उभी राहते? फुटांचा हिशेब सगळ्यांना पाठ होताच. मुलीच्या गटानं वीस फूट लिहिले. घागरवाल्या गटाचं म्हणणं, बारा पुरेत, वीस सेकंद कुणी हललं नाही तर लोक खोकायला लागतील. एकानं तिथंच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत दाराशी उभं राहून दाखवलं, बाकीचे मोजत होते. तेवढ्यात त्यांच्या एसटीची वेळ झाली आणि वह्या मिटल्या. दोन्ही आकडे अजून समासात तसेच आहेत.